आरोग्य-माहिती तंत्रज्ञानासाठी अनुदान : कुंभकोणम

रुग्णनोंदी, औषधसाठा, तपासणी-अहवाल आणि साथरोगांची आकडेवारी संगणकावर ठेवण्याची यंत्रणा उभारायला मिळणारे, परत न करावे लागणारे अर्थसाहाय्य. भारतात या नावाचा स्वतंत्र निधी क्वचितच आढळतो. पैसा बहुधा दुसऱ्याच एखाद्या योजनेच्या पोटात असतो आणि तो कुठे शोधायचा हे अर्जदार कोण यावर ठरते. तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणम येथे जिल्हा मुख्यालयाचे सरकारी रुग्णालय, खासगी नर्सिंग होम, धर्मादाय न्यास आणि एका बँकेचे मुख्यालय एकाच गावात असल्याने हे वेगवेगळे मार्ग शेजारी शेजारी दिसतात.

सरकारी रुग्णालय सहसा स्वतः अर्ज करत नाही. त्याच्याकडे संगणकप्रणाली चेन्नईहून येते. जागतिक बँकेच्या साहाय्याने २००५ मध्ये सुरू झालेल्या तमिळनाडू आरोग्य यंत्रणा प्रकल्पात सरकारी रुग्णालयांसाठी अशी व्यवस्थापन-प्रणाली आली. २०१९ मध्ये त्याच बँकेने २८.७ कोटी डॉलरचा पुढचा कार्यक्रम मंजूर केला. त्याचे हप्ते ठरलेले परिणाम साधल्यावर सुटतील अशी अट होती. राज्याच्या खात्यावर हे कर्ज असले तरी रुग्णालयाच्या हाती ते अनुदानासारखेच पडते. राष्ट्रीय आरोग्य अभियानात जिल्ह्याची मागणी राज्याच्या वार्षिक आराखड्यात जाते आणि मंजूर खर्च केंद्र व राज्य ६०:४० प्रमाणात उचलतात. तमिळनाडूची गरोदर माता व अर्भकांचा मागोवा घेणारी ‘पिक्मे’ प्रणाली, अशी यंत्रणा वापरात कशी रुळते याचे उदाहरण म्हणून, इथे लक्षात घेण्याजोगी आहे. तिच्यातला नोंदक्रमांक बाळाच्या जन्मदाखल्यासाठी मागितला जाऊ लागला, त्यामुळे नोंद करून घेण्याची गरज कुटुंबांनाही भासू लागली.

खासगी रुग्णालये व प्रयोगशाळांसाठी आयुष्मान भारत डिजिटल मिशनची प्रोत्साहन योजना आहे. ती १ जानेवारी २०२३ पासून लागू झाली आणि तिची मुदत नंतर वाढवण्यात आली. ‘आभा’ या आरोग्य-ओळखक्रमांकाशी जोडलेल्या नोंदींच्या संख्येवर रक्कम ठरते; कमाल मर्यादा ४ कोटी रुपये. संगणकप्रणाली पुरवणाऱ्या कंपन्याही तिला पात्र आहेत. मात्र पैसा काम झाल्यावर येतो, त्यामुळे सुरुवातीचा खर्च घरातूनच करावा लागतो. लहान नर्सिंग होम नेमके याच पायरीवर थबकते.

नवउद्योगांना केंद्र सरकारच्या ‘बायरॅक’ या संस्थेची बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत मिळू शकते. स्टार्टअप इंडिया सीड फंड मान्यताप्राप्त इन्क्युबेटरमार्फत, कल्पना सिद्ध करण्यासाठी, २० लाखांपर्यंत अनुदान देतो. तमिळनाडूची ‘टॅनसीड’ योजना त्या मानाने लहान असून बदल्यात थोडा मालकी-हिस्सा घेते. तिला निव्वळ अनुदान म्हणणे कठीण.

न्यासांसाठी सर्वांत जवळचा स्रोत कंपन्यांचा सामाजिक उत्तरदायित्व निधी. कंपनी कायदा, २०१३च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के सामाजिक कामांवर खर्चावे लागतात आणि आपल्या कार्यक्षेत्राच्या परिसराला प्राधान्य द्यावे लागते. १९०४ मध्ये ‘कुंभकोणम बँक’ म्हणून स्थापन झालेल्या सिटी युनियन बँकेचे मुख्यालय आजही याच गावात असल्याने स्थानिक न्यासांना हे कलम अर्थपूर्ण ठरते. खासगी पाठबळाचे जिल्ह्यातले उदाहरणही आहे. आयसीआयसीआय फाउंडेशनशी जोडलेल्या आयसीटीपीएच या संशोधनसंस्थेने ‘सुगवाळ्वु’ या संस्थेसह २००९च्या सुमारास तंजावर जिल्ह्यातील खेड्यांत छोटी आरोग्यकेंद्रे काढून रुग्णनोंदी संगणकावर ठेवल्या. परदेशी देणगी घ्यायची तर २०१० च्या परकीय अभिदाय कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी. २०२० च्या दुरुस्तीने ती रक्कम दुसऱ्या संस्थेला वळवण्यास बंदी घातली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा २० टक्क्यांवर आणली.

अर्जात रुग्णाची संमती कशी घेणार आणि प्रणाली आभाशी जोडता येईल का, हे दाखवावे लागते. वैयक्तिक विदेच्या संरक्षणासाठी २०२३ चा कायदा आहे. संगणकांसाठी पैसे मागणे सोपे असते. नोंदी भरणाऱ्या माणसाचा पगार आणि मुदत संपल्यानंतरची देखभाल या बाबी मात्र अंदाजपत्रकातून बहुधा सुटतात. त्या कोण उचलणार, हे अर्जातच लिहिणे हिताचे.