बेवड, पड रान आणि मुळांतील बुरशी

दख्खनच्या काळ्या रानात कोणते पीक कशावर घ्यावे हे पिढ्यानपिढ्या बेवडावरून, म्हणजे आधीच्या पिकाने जमीन कोणत्या अवस्थेत सोडली आहे यावरून, ठरत आले. तुरीचा किंवा हरभऱ्याचा बेवड चांगला मानला जाई आणि ज्वारीच्या पाभरीत तुरीचे तास ठेवण्याची रीतही त्याच जाणिवेतून रुजली. हेल्रीगेल या जर्मन शास्त्रज्ञाने 1886 मध्ये द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र बांधून ठेवतात हे दाखवून दिले, तेव्हा या रीतीला इतके चोख स्पष्टीकरण मिळाले की बेवडाचे सारे श्रेय नत्राच्या खाती जमा झाले आणि दुसरे कारण शोधण्याची निकड कोणाला भासली नाही.

वास्तविक त्याच्या आदल्याच वर्षी, 1885 मध्ये, फ्रांक या वनस्पतिशास्त्रज्ञाने झाडाची मुळे आणि बुरशी यांच्या सहजीवनाला ‘मायकोरायझा’ हे नाव दिले होते. मात्र त्याचा अभ्यास जंगली वृक्षांचा होता आणि शेताशी त्याचा संबंध जोडला जाण्यास बराच काळ गेला. 1924 पासून इंदूरच्या कृषिसंशोधन संस्थेत काम केलेल्या आल्बर्ट हॉवर्ड यांनी 1940 च्या आपल्या ग्रंथात या बुरशीला जमिनीच्या सुपीकतेत मानाचे स्थान दिले. मूळ बुरशीला पचवून तिच्यातील प्रथिने घेते, हा त्यांचा तर्क पुढे टिकला नाही. तरी त्यांची दिशा योग्यच होती. बुरशीचे केसाहून बारीक तंतू मुळांच्या आवाक्याबाहेरचे स्फुरद आणि जस्त आणून देतात व मोबदल्यात पिकाकडून साखर आणि स्निग्ध द्रव्ये घेतात, हे नंतरच्या संशोधनाने स्पष्ट केले.

या व्यवहारातील पडीचा तोटा उघड झाला तो ऑस्ट्रेलियात. क्वीन्सलँडमधील डार्लिंग डाउन्सच्या, दख्खनसारख्याच भेगाळणाऱ्या काळ्या जमिनीत ओल साठविण्यासाठी रान वर्षभराहून अधिक काळ पड ठेवले जाई; ओल आणि नत्र मुबलक असूनही त्यानंतरचे पीक खुरटे, आणि त्यात स्फुरद व जस्ताची कमतरता दिसे. जिवंत मुळांवाचून ही बुरशी वाढत नाही, त्यामुळे लांबलेल्या पडीत ती क्षीण होते, असा उलगडा संशोधक थॉम्पसन यांनी 1987 मध्ये केला. मोहरीवर्गातील पिके तिला बहुधा थारा देत नाहीत, म्हणून त्यांचा हंगामही बुरशीच्या दृष्टीने पडीसारखाच जातो. जवसाची मुळे मात्र तिच्यावर फार अवलंबून असतात, म्हणून अशा पडीचा किंवा मोहरीचा बेवड जवसाला मानवत नाही.

सोलापूरकडील भारी जमिनीत रब्बी ज्वारीसाठी खरिपात रान मोकळे ठेवण्याची चाल ओलीच्या हिशेबाने शहाणपणाचीच होती, आणि ती पड काही महिन्यांचीच असल्याने तिला ऑस्ट्रेलियन निष्कर्ष जसाच्या तसा लावणे घाईचे ठरेल. तागाचे हिरवळीचे खत मात्र नव्याने पाहण्याजोगे आहे, कारण गाडला जाण्यापूर्वीचे सहा-सात आठवडे ताग नत्राबरोबर ही बुरशीही पोसतो. मशागतीचेही तसेच आहे. काळ्या रानात नांगर काही वर्षांआड फिरे, एरवी वखराच्या उथळ पाळ्यांवर भागे. त्यामागे बैलांची ताकद आणि हराळीचा बंदोबस्त एवढाच विचार असला, तरी वखराच्या पाशीच्या खालचे बुरशीचे जाळे त्यामुळे सहसा तुटत नसे.