पाते बाजाराचे, मूठ घरची

चाकूला स्वतःच्या हाताने लाकडी मूठ बसवणे हा हल्ली शहरातल्या हौशी माणसांचा छंद समजला जातो. महाराष्ट्राच्या खेड्यांत मात्र पात्यापासून मूठ वेगळी धरण्याची रीत फार जुनी आहे. लोखंड लोहाराकडून किंवा बाजारातून आणायचे आणि लाकूड ज्याने त्याने पाहायचे, अशी ती वाटणी होती. आठवडी बाजारात घिसाड्यांच्या पालावर कुऱ्हाड आजही बिनदांड्याची मिळते आणि गिऱ्हाइकालाही त्यात काही अर्धवट वाटत नाही. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हणसुद्धा अशाच मुलखात रुजू शकते, जिथे दांडा त्याच रानातून तोडून आणलेला असतो.

यावर पहिला आक्षेप बलुतेदारीचा येईल. गावात सुतार असताना कुणब्याने स्वतः लाकूड का तासावे? त्रिंबक नारायण आत्र्यांच्या ‘गावगाडा’ या 1915 च्या ग्रंथात बलुत्याच्या व्यवहाराचे जे चित्र आहे, ते ध्यानात घेतले की उत्तर सापडते. सुतार आणि लोहार दोघेही बलुतेदारांच्या पहिल्या ओळीतले, आणि दोघांचेही बलुते मुख्यतः औतकामाशी बांधलेले. नांगर, कुळव, पाभर नीट चालती ठेवायची आणि सुगीला खळ्यावरून धान्य न्यायचे. लाकूड बहुधा शेतकऱ्यानेच पुरवायचे. म्हणजे बांधावरची कोणती बाभूळ केव्हा तोडायची, ती किती वाळू द्यायची, हे ज्ञान आधीपासून घरातच होते. नांगराचा जू-इसाड सुतारावाचून होत नसे. खुरप्याच्या मुठीला मात्र वाकस आणि सवड एवढे पुरे.

अर्थात काम सोपे होते, असे नव्हे. विळ्याच्या किंवा कोयत्याच्या पात्याला मागे निमुळते टोक ठेवलेले असते. मुठीला आधी बारीक भोक पाडायचे, तोंडाशी लोखंडी कडे चढवायचे, मग ते टोक लालबुंद तापवून भोकात दाबायचे. लाकूड जळत टोकाला नेमकी जागा करून देते. कडे नसेल तर इथेच मूठ उभी चिरते. कुऱ्हाडीचे तंत्र निराळे. तिथे दांडा नेढ्यातून पार जातो, वरून पाचर मारली जाते, आणि उन्हाळ्यात लाकूड आकसून पाते ढिले झाले की दांडा पाण्यात ठेवावा लागतो. लाकडाची निवडही अशीच अनुभवातून ठरलेली. धामणीचा धागा लांब आणि लवचिक, म्हणून धनुष्य, कावडीचा दांडा आणि कुऱ्हाडीचा दांडा या तिन्हींना ती चालते; तिवस आणि बाभूळ चिवट. घराच्या तुळयांना अव्वल ठरणारा साग मात्र दणके सोसायच्या दांड्याला ठिसूळ पडतो.

मुठीची ही स्वतंत्रता केवळ गरिबाघरची सोय होती, असेही म्हणता येत नाही. मराठ्यांच्या शस्त्रांतली ‘फिरंग’ पाहा. तिचे पाते बहुधा युरोपातून समुद्रमार्गे आलेले, आणि मूठ इथल्या कारागिराने इथल्या पकडीप्रमाणे बसवलेली, आत लाख किंवा राळ ओतून घट्ट केलेली. पाते दर्यापार प्रवास करते, मूठ वापरणाऱ्याच्या मुलखात घडते. सरदाराने ती कारागिराकडून करवून घेतली आणि कुणब्याने स्वतः केली, एवढाच फरक.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आपल्या स्वयंपाकघरात मुठीचा चाकू होता कुठे? तिथे राज्य विळीचे. पाटावर पाय रोवून पाते स्थिर ठेवायचे आणि भाजीच त्याच्यावर फिरवायची, तर मूठ हवीच कशाला? हे खरे आहे, आणि म्हणूनच घरच्या मुठीचा इतिहास चुलीपाशी शोधू नये. तो शेतात आणि रानात आहे. त्या रानावरच पुढे घाला आला. 1878 च्या वन कायद्याने राखीव जंगले आखली गेली, आणि डोंगर-रानांवर चालत आलेली वहिवाट तुटल्याचे गाऱ्हाणे जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये 1883 च्या सुमारास मांडले. धामणीचा दांडा तोडणे यापुढे गुन्हा ठरू शकत होते. बाभूळ बांधावरची, म्हणून ती हाताशी राहिली.

कारखान्यांनी तरी ही रीत मोडली का? लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर 1903 चा. लोखंडाने जमीन नासेल ही धास्ती ओसरल्यावर त्याने लाकडी नांगराची, म्हणजेच सुताराच्या बलुत्याच्या कण्याची, जागा घेतली. खुरपे आणि कुऱ्हाड मात्र लाकूडच धरून राहिली, कारण लोखंडी दांडा दणका थेट मनगटात पोचवतो. आजचा हौशी कारागीर लाखेऐवजी इपॉक्सी वापरतो आणि शिसवीचा तुकडा त्याच्या रेघांवर भाळून निवडतो. चाकूला दणका बसत नाही, तेव्हा त्याला ती चैन परवडते. त्याच नजरेने कुऱ्हाडीचा दांडा निवडला, तर पहिल्या ओंडक्यावरच तो दुभंगेल.