हे पाणी तुमच्या मुलांना द्याल का?

१९०९ साली अमेरिकेतल्या जर्सी सिटीत एक खटला चालू होता. एका बाजूला शहर, दुसऱ्या बाजूला त्याला पाणी पुरवणारी खासगी कंपनी. साक्षीला उभे होते कंपनीचे आरोग्य सल्लागार, डॉ. जॉन लील. त्यांना प्रश्न आला: हे पाणी बायकोला, घरच्यांना द्यायला तुम्ही कचराल का? लील यांचं उत्तर साधारण असं होतं की, माझ्या मते जगातलं सगळ्यात सुरक्षित पाणी हेच आहे.

प्रश्न खोचक होता, कारण २६ सप्टेंबर १९०८ पासून लील त्या पाण्यात ब्लीचिंग पावडर मिसळत होते आणि त्यासाठी त्यांनी शहराची परवानगी घेतली नव्हती. पिण्याच्या पाण्यात रसायन टाकणं म्हणजे विष कालवणं, असं तेव्हा भल्याभल्यांना वाटायचं. पण दूषित पाणी काय करतं हे लील यांनी घरातच पाहिलं होतं. त्यांच्या वडिलांना अमेरिकन यादवी युद्धात आमांश जडला, तो पुढे कायमचाच राहिला आणि १८८२ मध्ये ते गेले. १९१० मध्ये निकाल क्लोरीनच्या बाजूने लागला. लील यांनी पेटंट घेतलं नाही. ही युक्ती गावोगावच्या नळांत पोचली.

नव्वद वर्षांनी तोच प्रश्न दिल्लीजवळ एका बापाने स्वतःला विचारला. महेश गुप्ता आयआयटी कानपूरचे इंजिनियर. इंडियन ऑइलची नोकरी सोडून त्यांनी तेल मोजायच्या मीटरचा धंदा उभा केला होता. १९९८ मध्ये त्यांच्या मुलांना कावीळ झाली. तेव्हा बाजारात ॲक्वागार्डसारखी यंत्रं होती. त्यांतला अतिनील प्रकाश जंतू मारायचा, पण विरघळलेले क्षार तसेच राहायचे. गुप्तांनी अमेरिकेतून मेम्ब्रेन आणि पंप मागवून घरासाठी आरओ जुळवला. १९९९ मध्ये त्यातून केंट ही कंपनी निघाली.

पॉडकास्टवर फाउंडर लोकांना नेहमी विचारतात, कंपनी आणि मुलं, दोन्ही कसं जमवता? उत्तरं बहुधा वेळापत्रकाची असतात. पाण्याच्या धंद्यात मात्र अडचण वेळेची नसते. तिथे विचारायला हवं, कुणाची मुलं?

गुप्तांचं उत्तर बापाचं होतं आणि त्यात काही गैर नाही. त्याआधी हे काम आईच्या वाट्याला असायचं: पावसाळ्यात तुरटी फिरवा, फडक्याने गाळा, उकळा, निववा. यंत्राने ते कष्ट वाचवले. पण काविळीचा विषाणू पाणी नीट उकळलं तरी मरतो. क्षारांचा त्याच्याशी संबंध नाही. बोअरच्या खाऱ्या पाण्याला आरओ लागतो, धरणाच्या गोड्या पाण्याला सहसा लागत नाही. तरीही भीती एकच असल्यामुळे यंत्रही सगळीकडे एकच गेलं. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाला सांगावं लागलं की, जिथे विरघळलेले घटक लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी आहेत, तिथे आरओ नको. कारण आरओ पाणी शुद्ध करताना बरंचसं पाणी मोरीत सोडतो.

पुण्यात मी राहतो त्या फ्लॅटमध्ये घरमालकाने बसवलेला आरओ आहे. कामाला येणाऱ्या मावशी जाताना नातवासाठी दोन बाटल्या भरून नेतात. मी सॉफ्टवेअरवाला आहे, स्टार्टअपची भाषा मला कळते: ग्राहक, त्याची अडचण, आपलं उत्पादन. या भाषेत मावशींचा नातू बसत नाही. यंत्र घेणारा तो ग्राहक, आणि यंत्र ज्याला परवडत नाही तो हिशेबातच नाही.

लील हेही खासगी कंपनीचेच माणूस होते, म्हणून हे सरकार विरुद्ध धंदा असं सोपं भांडण नाही. फरक एवढाच, की त्यांचं औषध धरणापाशी पडत होतं. तिथून पुढचा नळ कुणाचा, हे क्लोरीन विचारत नाही. आपल्या ओट्यावर यंत्र बसलं की मात्र आपण नळाबद्दल तक्रार करायचं सोडून देतो. ज्यांच्या तक्रारीला वजन आहे तेच गप्प बसल्यावर, पाइपलाइनमध्ये गटार मिसळतंय हे महापालिकेला ओरडून सांगणार कोण?