टुटू : एका नृत्यवेशाचा इतिहास आणि मुंबई उपनगरातील बॅले

प्रस्तावना

मुंबई उपनगरातील गोरेगाव-दिंडोशीच्या डोंगराळ भागात राज्य शासनाने १९७७ मध्ये चित्रनगरी उभारली. तथापि ‘बॅले’ ही संज्ञा या उपनगरास त्यापूर्वी तीन दशके परिचित झाली होती. भारतीय जननाट्य संघाचे (इप्टा) केंद्रीय पथक १९४४ पासून काही वर्षे अंधेरी येथे एकत्र राहत असे आणि शांती बर्धन यांच्या दिग्दर्शनाखाली बॅले बसवीत असे. पाश्चात्त्य प्रेक्षकास बॅले म्हटले की प्रथम आठवतो तो टुटू, म्हणजे कंबरेभोवती जाळीदार थरांनी फुललेला नर्तकीचा घागरा. अंधेरीच्या बॅलेत तो नव्हता. संज्ञा आली आणि वेश मागे राहिला, असे का घडले, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

पाऊल दिसावे म्हणून

अठराव्या शतकाच्या प्रारंभी पॅरिसच्या ऑपेरातील नर्तकी दरबारी पोशाखातच नृत्य करीत. जमिनीपर्यंत पोहोचणारा जड झगा आणि टाचेचे जोडे यांमुळे पदन्यास प्रेक्षकांना दिसत नसे. मारी कामार्गो (१७१०-१७७०) हिचे सामर्थ्य मात्र जलद उड्यांत व हवेतच पावलांची अदलाबदल करण्यात होते. तिने झगा घोट्याच्या वर घेतला व बिनटाचेचे जोडे वापरले. काही बोटांचाच हा फरक. पण त्याने नर्तकीचे पाऊल नृत्याच्या केंद्रस्थानी आणले.

१२ मार्च १८३२ रोजी पॅरिस येथे ‘ला सिल्फीद’ या बॅलेत मारी ताल्योनी रंगमंचावर आली. पांढरा, घंटेच्या आकाराचा, पोटऱ्यांपर्यंतचा तिचा घागरा पुढे ‘रोमँटिक टुटू’ म्हणून रूढ झाला. (‘टुटू’ हा शब्द बराच नंतरचा, तो फ्रेंच बालबोलीतून आला असे सामान्यतः मानले जाते.) अशा वेशामागे यंत्रयुगही उभे होते. इंग्लंडमध्ये जॉन हीथकोट याने १८०९ मध्ये जाळी विणणाऱ्या यंत्राचे एकस्व मिळविल्यावर जाळीचे कापड मुबलक झाले होते आणि पॅरिसच्या ऑपेरात १८२२ पासून गॅसचे दिवे लागले होते. मंद प्रकाशात तलम पांढरे कापड तरंगल्यासारखे दिसे.

मलमल, गॅस आणि आग

या हलकेपणाची किंमत मात्र नर्तकीने मोजली. खळ दिलेली तलम सुती मलमल आणि रंगमंचाच्या कडेला उघड्या ज्योती हा संयोग प्राणघातक होता. डिसेंबर १८४४ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात क्लारा वेब्स्टर हिच्या वेशाने पेट घेतला व तीन दिवसांनी ती मरण पावली. फ्रान्समध्ये कापड ज्वालारोधक द्रावणात भिजविण्याची पद्धत निघाली आणि शासनाने ती बंधनकारकही केली. परंतु त्यामुळे घागरा ताठ व मळकट दिसे.

ताल्योनीची शिष्या एमा लिव्री हिने १८६० मध्ये ऑपेराच्या संचालकांना पत्र लिहून, आपण नेहमीच्याच घागऱ्यात नृत्य करू व परिणामांची जबाबदारी आपली राहील, असे कळविले. १५ नोव्हेंबर १८६२ रोजी तालमीच्या वेळी गॅसच्या ज्योतीने तिचा घागरा पेटला. आठ महिने यातना भोगून २६ जुलै १८६३ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, ती निवर्तली. तिच्या वेशाचे जळके अवशेष पॅरिस ऑपेराच्या संग्रहालयात जपले आहेत. लिव्रीचा निर्णय हट्टाचा होता असे म्हणणे सोपे आहे. पण ज्या व्यवसायात नर्तकीची योग्यता तिच्या तरंगण्यावर ठरत होती, तेथे हा निर्णय तिच्या एकटीचा मानणे अन्यायाचे होईल.

पुढील बदल वेगाने झाले. १८८० च्या दशकात सेंट पीटर्सबर्ग येथे इटालियन नर्तकी व्हर्जिनिया झुक्की हिने आखूड घागऱ्याचा आग्रह धरला आणि ताठ, आडवा ‘क्लासिक टुटू’ प्रस्थापित होत गेला. १९५० मध्ये न्यूयॉर्क येथे बार्बारा कारिन्स्का हिने तारेच्या कड्याविना उभा राहणारा मऊ टुटू शिवला.

टुटूतील देवदासी

‘बायादेर’ हा फ्रेंच शब्द पोर्तुगीज ‘बायलादेरा’ म्हणजे नर्तकी यावरून आला. गोव्यातील देवळांच्या नर्तकींना पोर्तुगीज याच नावाने ओळखत. १८३८ मध्ये पाँडिचेरीजवळच्या तिरुवेंदिपुरम येथील देवदासींनी पॅरिसमध्ये नृत्य केले. त्यांपैकी अमणी हिच्याविषयी तेओफील गोतिए याने लिहिले. भारतीय नर्तकीचा खरा वेश युरोपने पाहिला होता. तरीही १८७७ मध्ये पेतिपाच्या ‘ला बायादेर’ मध्ये देवदासी निकिया मृत्यूनंतर पांढऱ्या बॅलेवेशातील छायांच्या रांगेतच अवतरते.

अंधेरीपर्यंतचा मार्ग

आना पावलोवा १९२२-२३ च्या दौऱ्यात मुंबईस आली होती. १९२३ मध्ये लंडन येथे तिने, मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकून गेलेल्या उदय शंकर यांच्याबरोबर ‘राधा-कृष्ण’ सादर केले. त्यात राधा झालेल्या पावलोवाने टुटू उतरवून भारतीय वेश घेतला होता. उदय शंकर यांच्या अल्मोडा येथील केंद्रातूनच शांती बर्धन पुढे अंधेरीस आले. अर्थात ‘बॅले’ ही संज्ञा या मार्गाने आली तेव्हा तिचा वेशाशी संबंध आधीच तुटला होता. समूहाने नृत्यातून कथा सांगणे एवढाच तिचा अर्थ उरला होता.

महाराष्ट्रापुरते आणखी एक कारण संभवते. पायास मोकळीक हवी आणि मर्यादाही राहावी, हा कामार्गोपुढचा पेच नऊवारीच्या काष्ट्याने येथे केव्हाच सोडविला होता. युरोपने कापड खालून कापत नेले. येथे ते न कापता मागे खोचले गेले. शिवाय लावणीत पदन्यास घुंगरांतून ऐकू येतो, त्यामुळे तो दिसण्यासाठी पोटरी उघडी करण्याची गरज उरत नाही.

१९५२ मध्ये बर्धन यांनी मुंबईत लिटल बॅले ट्रूप स्थापन केला. त्यांच्या ‘रामायण’ मध्ये नर्तक मुखवटे घालून कळसूत्री बाहुल्यांसारखे हलत. तेथे वेशाने शरीर हलके भासवावयाचे नव्हते. ते लाकडाचे आहे, असे भासवावयाचे होते.