सीएचबी प्राध्यापक म्हणजे कोण? शिरूर-दौंडच्या कॉलेजांतून समजून घ्या तासिका तत्त्वाचे गणित

बारावीनंतर पदवीसाठी पुण्याला खोली घेऊन राहणे प्रत्येक घराला परवडत नाही. म्हणूनच शिरूरचे चां. ता. बोरा महाविद्यालय, दौंडचे कटारिया महाविद्यालय किंवा केडगावचे सुभाष बाबुराव कुल महाविद्यालय अशी तालुक्यातली कॉलेजे महत्त्वाची ठरतात. ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला संलग्न आहेत. अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी सगळे पुणे शहरातल्या कॉलेजांसारखेच असते.

मात्र राज्यभरातल्या अशा कॉलेजांत वर्गात उभे असलेले 'सर' किंवा 'मॅडम' कायम नोकरीत असतीलच असे नाही. अनेकांची नेमणूक 'सीएचबी'वर म्हणजे तासिका तत्त्वावर असते. हा प्रश्न कोणा एका कॉलेजचा नाही, तो राज्याच्या भरती धोरणाचा आहे. पीएचडी करणाऱ्या किंवा नुकतीच पूर्ण केलेल्या तरुण संशोधकांना त्याची सर्वाधिक झळ बसते.

तासिका तत्त्व म्हणजे काय?

सीएचबी म्हणजे 'क्लॉक अवर बेसिस'. जितक्या तासिका शिकवल्या तितकेच मानधन, असा हा हिशोब आहे. कॉलेजात एखाद्या विषयाचा कार्यभार आहे, पण मंजूर पद रिक्त आहे किंवा पूर्ण पद होईल इतका कार्यभार नाही, अशा वेळी ही नेमणूक होते. एका शिक्षकाला आठवड्याला साधारण ९ तासिकांपर्यंतच काम मिळते. कायम सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तासांचे प्रत्यक्ष अध्यापन असते. म्हणजे सीएचबीच्या शिक्षकाला जवळपास अर्धा कार्यभार मिळतो.

अनुदानित विषय असेल तर मानधनाचे बिल कॉलेजकडून विभागीय उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाकडे जाते. जाहिरात, निवड समिती, विद्यापीठाची मान्यता, बिल आणि अनुदान हे टप्पे पार झाल्यावरच पैसे खात्यात येतात. एखादा कागद अडला की मानधन महिनोन्‌महिने रखडते. विनाअनुदानित विषयात हा खर्च संस्थेलाच करावा लागतो.

पात्रता कोणती लागते?

पात्रता कायम प्राध्यापकाचीच लागते. पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण आणि नेट किंवा सेट उत्तीर्ण, किंवा नियमांत बसणारी पीएचडी. आरक्षित प्रवर्गांना गुणांत सवलत आहे. सेट ही परीक्षा महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पुणे विद्यापीठच घेते. पात्रता सारखी, अभ्यासक्रम सारखा आणि विद्यार्थीही तेच. फरक फक्त नेमणुकीच्या आदेशात असतो.

महिन्याला हातात किती येतात?

राज्य सरकारने २०१८ मध्ये कला, वाणिज्य व विज्ञान पदवी वर्गांसाठी दर तासिकेला ५०० रुपये केला. पुढे टप्प्याटप्प्याने वाढ होऊन २०२३ मध्ये तो ९०० रुपये झाला. आठवड्याला ९ तासिका आणि महिन्याचे चार आठवडे धरले, तर ३२,४०० रुपये होतात. हा आकडा बरा वाटतो, पण तो दर महिन्याला मिळत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या म्हणजे यूजीसीच्या नियमांनुसार वर्षात ३० आठवडे अध्यापनाचे असतात. ३० आठवडे, ९ तासिका आणि ९०० रुपये यांचा गुणाकार २,४३,००० होतो. बारा महिन्यांत विभागला तर महिन्याला सरासरी २०,२५० रुपये पडतात. ५०० रुपयांच्या दराने हीच सरासरी ११,२५० होती. दिवाळीची सुट्टी, परीक्षांचा काळ, उन्हाळा या दिवसांत तासिका नसतात, म्हणून मानधनही नसते. सातव्या वेतन आयोगानुसार कायम सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतनच ५७,७०० रुपये आहे. भत्ते त्यावर वेगळे.

यूजीसीने २०१९ मध्ये अतिथी अध्यापकांसाठी प्रति तासिका १,५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये अशी मार्गदर्शक रक्कम ठरवली. राज्याचा ९०० रुपयांचा दर त्यापेक्षाही कमी आहे.

संशोधनाचे काय होते?

खरी अडचण इथून सुरू होते. पीएचडीसाठी किमान तीन वर्षे लागतात. या काळात ज्यांना ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळते त्यांना २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये मिळतात. राज्यात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थाही आपापल्या गटांतील संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. जागा, निकष आणि वेळेवर रक्कम मिळणे यांवरून संशोधक विद्यार्थ्यांना वेळोवेळी आंदोलने करावी लागली आहेत. अधिछात्रवृत्ती न मिळालेल्यांसमोर पोट भरण्याचा एक मार्ग म्हणजे सीएचबी.

शिरूर किंवा दौंडमध्ये शिकवणाऱ्या संशोधकाला संदर्भ शोधण्यासाठी पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात जायचे असेल, तर एका बाजूचाच प्रवास सुमारे ७० ते ७५ किलोमीटर होतो. दौंडहून रेल्वे आहे, शिरूरहून नगर रस्त्याने एसटी. त्या दिवशी तासिका असेल तर ती बुडते आणि तिचे पैसेही जातात, कारण पगारी रजा नाही. पेपर तपासणे, प्रवेशाचे काम, नॅकच्या फायली अशी कामे अंगावर आली तर त्यातली बरीचशी तासिकेच्या हिशोबात धरली जात नाहीत. संशोधनाचा तास तर कोणत्याच हिशोबात नसतो.

पीएचडी झाल्यावरही वाट मोकळी होत नाही. २०२२ च्या यूजीसी नियमांनुसार पीएचडीचे मार्गदर्शक होण्यासाठी पूर्णवेळ, नियमित शिक्षक असावे लागते. त्यामुळे सीएचबीवरील डॉक्टरेटधारकाला स्वतःचे विद्यार्थी घेता येत नाहीत.

अनुभव का धरला जात नाही?

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत पूर्वीची तात्पुरती किंवा कंत्राटी सेवा थेट भरती व पदोन्नतीसाठी मोजण्याच्या अटी आहेत. त्यातली एक अट अशी की, त्या काळातले एकूण वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या मासिक वेतनापेक्षा कमी नसावे. तासिकेच्या मानधनात ही अट पूर्ण होणे जवळपास अशक्य आहे. म्हणजे कमी पैसे मिळाले म्हणून सेवा धरली जात नाही, आणि सेवा धरली जात नाही म्हणून दहा वर्षे शिकवलेला माणूसही पदोन्नतीच्या हिशोबात पहिल्या दिवसावरच राहतो. या व्यवस्थेत तास मोजले जातात, वर्षे मोजली जात नाहीत. मानधनाचा दर वाढला तरी ही अडचण सुटत नाही.

पदे का भरली जात नाहीत?

अनुदानित कॉलेजांतली संस्था खाजगी असली, तरी पगार सरकार देते. त्यामुळे पद भरायला सरकारची परवानगी लागते. २०१७ मध्ये वित्त विभागाने नव्या भरतीवर निर्बंध आणले. नोव्हेंबर २०१८ मध्ये रिक्त पदांपैकी ४० टक्के, म्हणजे ३,५८० पदे भरायला मंजुरी मिळाली. त्यातली १,४९२ भरली गेली आणि कोरोनाकाळात भरती थांबली. उरलेल्या २,०८८ पदांना २०२१ मध्ये पुन्हा मंजुरी द्यावी लागली. या काळात निवृत्ती थांबलेली नव्हती, त्यामुळे रिक्त जागा वाढत गेल्या आणि त्या जागांवरचे काम सीएचबीवर चालत राहिले.

यूजीसीचे २०१८ चे नियम सांगतात की, कंत्राटी शिक्षक एकूण पदांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत आणि त्यांना नियमित सहायक प्राध्यापकाइतके वेतन मिळावे. तासिका ही कंत्राटी नेमणुकीहून वेगळी व्यवस्था मानली जात असल्याने तिचा हिशोब वेगळा राहतो.

हे फक्त महाराष्ट्रात आहे का?

नाही. अमेरिकेत 'अ‍ॅडजंक्ट' शिक्षक असेच विषयागणिक मानधनावर शिकवतात. जर्मनीत २००७ च्या कायद्याने पीएचडीआधी सहा आणि नंतर सहा वर्षे मुदतीच्या नेमणुकांना परवानगी दिली. २०२१ मध्ये तिथल्या संशोधकांनी 'मी हाना आहे' अशा अर्थाच्या हॅशटॅगखाली आपले अनुभव मांडले. मात्र जर्मनीतल्या मुदतीच्या नोकरीत महिन्याचा पगार तरी असतो. इथे सुट्टीच्या महिन्यात तोही नाही.

सीएचबीवर रुजू होताना काय पाहावे?

लेखी नेमणूक आदेश, त्यातल्या तासिकांची संख्या आणि कालावधी, विषय अनुदानित आहे की विनाअनुदानित, आणि विद्यापीठाची मान्यता आली का, या चार गोष्टी आधी तपासाव्यात. आदेश, मान्यतेचे पत्र, हजेरी आणि बँकेच्या नोंदी यांच्या प्रती दर वर्षी जपून ठेवाव्यात. पुढे अनुभव सिद्ध करायचा झाला, तर हीच कागदपत्रे उपयोगी पडतात.