नंदीदुर्गाचा दगड

येलहंक्यात नवीन आलेला मराठी माणूस पहिल्याच महिन्यात नंदीला जातो आणि परत येऊन हमखास विचारतो, "तो डोंगर म्हणजे झोपलेला ज्वालामुखी का हो?" लांबून दिसणारा घुमट पाहून तसे वाटते खरे. पण नाही. नंदी हा ग्रॅनाइट, जमिनीच्या पोटात खोलवर सावकाश थिजलेला, सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा.

ज्वालामुखीचे डोंगर आपण मागे सोडून आलो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबच लांब भेगांतून लाव्हा वाहिला आणि थरावर थर चढत गेले. रायगड, राजगड, कळसूबाई हे सारे त्या थरांतूनच कोरले गेले. शंकूच्या आकाराचे तोंड शोधाल तर मिळणार नाही, आणि हे डोंगर झोपलेले नव्हेत, कायमचे विझलेले आहेत.

दगडाने गडांचा इतिहासही घडवला. सह्याद्रीत कठीण थराचा ताशीव कडा मिळतो, त्याखाली पसरट माची, खडकात खोदलेली पाण्याची टाकी. नंदीवर मात्र गुळगुळीत उतार. आम्ही मित्रमंडळी एका रविवारी गाडीरस्ता सोडून सुलतानपेटच्या जुन्या पायऱ्यांनी चढलो, तेव्हा हा फरक पायांनाच कळला. बाजूच्या खडकावर बोट अडकवायला खाच नाही. असल्या डोंगराला निम्मा तट निसर्गच बांधून देतो. (माथा 1478 मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा फार कमी नाही. आमच्यातल्या नाशिककराला हे पटले नाही.)

वर अमृत सरोवराच्या काठी डबे उघडले आणि एकाच्या मुलाने विचारले, "काका, इथे आपले लोक होते का?" मुलगा इथेच जन्मलेला. होते. 1638 नंतर बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत होते, हे बहुतेकांना ठाऊक असते. नंदीचे कमी जणांना ठाऊक. हा गड मराठ्यांकडून घ्यायला हैदरअलीला तीन वर्षे नाकेबंदी करावी लागली, असे इंग्रज इतिहासकार लिहितात.

"मग आपण तो परत घेतला?"

इथे जरा थांबून सांगावे लागते. ऑक्टोबर 1791 मध्ये पश्चिमेच्या उतारावर तोफा चढवून, तटाला भगदाड पाडून रात्री हल्ला करून गड घेतला तो कॉर्नवॉलिसच्या फौजेने. त्या युद्धात हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन टिपूविरुद्ध इंग्रजांच्याच बाजूने होते. टिपूचे राज्य निम्मे करायला आपण हात लावला आणि पुढे सव्वीस वर्षांत, 1818 साली, पेशवाई त्याच इंग्रजांनी बुडवली. मुलाला हे सांगू नये, असे आमच्यातल्या दोघांचे मत पडले. मी सांगितले.

1792 च्या तहात पेशव्यांची सरहद्द तुंगभद्रेपर्यंत आली. नंदीवर मराठ्यांचा अंमल पुन्हा आला नाही.