३२ लाख, ६४१ आणि मधले १९ दिवस

'कार्डांचा डेटा चोरीला गेला की लोक खरेदी कमी करतात का?' संशोधनासाठी प्रश्न छान आहे. पण उत्तर शोधायला बसलात की पहिली ठेच तारखांशी लागते. ऑक्टोबर २०१६चं प्रकरण घेऊन बघूया.

हिताची पेमेंट सर्व्हिसेस ही कंपनी बँकांची एटीएम आणि स्वाइप मशीन चालवायची. २०१६च्या मध्यावर तिच्या यंत्रणेत मालवेअर शिरलं. कंपनीने हे मान्य केलं ते फेब्रुवारी २०१७मध्ये. मधल्या काळात लोक इथे आणि त्यांच्या कार्डावर पैसे निघतायत चीन-अमेरिकेत, अशा तक्रारी बँकांकडे आल्या. २० ऑक्टोबरला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एनपीसीआयने आकडे दिले: १९ बँका, ६४१ ग्राहक, १.३ कोटी रुपये.

मग पेपरात गाजलेले ३२ लाख कुठून आले? ती धोक्यात असू शकणारी कार्डं. स्टेट बँकेने साधारण ६ लाख कार्डं बंद करून नवी दिली, काही बँकांनी पिन बदला म्हणून सांगितलं. म्हणजे ३२ लाख हा सावधगिरीचा आकडा आणि ६४१ हा तक्रारींचा. प्रबंधात '३२ लाख लोक लुबाडले गेले' असं लिहिलंत, तर गाईड तिथेच थांबवतील.

आता ग्राहकांकडे वळू. ३० ऑक्टोबरला दिवाळी, म्हणजे बोरिवली-घाटकोपरच्या दुकानांत तशीही गर्दी. आणि एनपीसीआयच्या निवेदनानंतर १९ दिवसांनी, ८ नोव्हेंबरला, नोटाबंदी! कार्डावरचा विश्वास उडालेला माणूससुद्धा रोकड नाही म्हणून स्वाइप मशीनसमोर उभा राहिला. त्यामुळे महिन्याची आकडेवारी पाहून 'लोक घाबरले नाहीत' असा निष्कर्ष काढता येत नाही. नाइलाज आणि विश्वास, दोन्ही आकड्यांत सारखेच दिसतात.

दुसरा सापळा कार्यकारणाचा. ६ जुलै २०१७ला रिझर्व्ह बँकेने नियम काढला: चूक ना बँकेची ना ग्राहकाची, आणि बँकेकडून कळल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केली, तर ग्राहकाला भुर्दंड नाही. जबाबदारी ग्राहकाची आहे हे सिद्ध करायचं ओझंही बँकेवर. ज्याचा पगार खात्यातून गायब झालाय त्याच्यासाठी ही केवढी मोठी गोष्ट! पण 'चोरी झाली म्हणून नियम आला' असं लगेच लिहू नका. या नियमाचा मसुदा ऑगस्ट २०१६मध्येच आला होता, म्हणजे बातमी फुटायच्या आधी. चोरीमुळे फार तर वेग आला असेल, आणि तेही तुम्हाला दाखवून द्यावं लागेल.

मग करायचं काय? आकड्यांच्या जोडीला माणसं गाठा. अंधेरी किंवा मुलुंडमधल्या दहा दुकानदारांना विचारा, त्या दिवाळीत गिऱ्हाईक कार्ड काढताना कचरत होतं का? ज्यांची कार्डं बदलली त्यांना विचारा, नवं कार्ड हातात येईपर्यंत घर कसं चाललं? जुने एसएमएस, पासबुकातल्या नोंदी मागून बघा. आठवणी पुसट होतात, म्हणून प्रत्येक उत्तरापुढे एकच खूण करा: ८ नोव्हेंबरच्या आधीचं की नंतरचं?